तान्ह्याच्या पायातला स्मार्ट मोजा: सीमाभागातल्या आपल्या घरांत तो काय कामाचा?

जांबोटी_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बाळंतविड्यात दुपटी, अंगडी-टोपडी, वाळे, डिंकाचे लाडू यायचे, ते अजून येतातच. त्यांच्या जोडीला आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत तान्ह्याच्या पायात घालायचा स्मार्ट मोजा यायला लागलाय. लंगोटाला अडकवायचं बटण, गादीखाली सरकवायची पाटी, पाळण्यावर रोखलेला कॅमेरा, सगळं फोनमधल्या ॲपला जोडलेलं. पाठवणारी बहुतेक बेंगळुरू-पुण्यात नोकरीला असलेली मामा-मावशी मंडळी, काही आखातातली. बाळाला बघता येत नाही, जीव लागून राहिलेला असतो, मग ती माया अशी पार्सलनं येते. त्यांच्या हेतूबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

माझ्या नणंदेच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. बाळ चौतिसाव्या आठवड्यात झालं, बेळगावात काही दिवस पेटीत होतं, आता जांबोटीच्या पुढं गावी आलंय. माझ्या धाकट्या दिराला मोजा पाठवायचाय, तिच्या सासूबाईंना तो नकोय. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. डॉक्टर नव्हे, पण या यंत्रांबद्दल मिळेल ते वाचून काढलं, ते इथं मांडते. चुकत असेल तिथं जाणकारांनी सांगावं.

मोज्यात असतो तो पल्स ऑक्सिमीटरच, कोविडच्या काळात आपण बोटाला लावत होतो तो. या तंत्राची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश कातडीतून आरपार पाठवायचे. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकावरून टक्केवारी काढायची. बाळानं पाय झाडला, पाय गार पडला, मोजा सैल झाला की हिशेब बिघडतो. कातडीचा रंगही आड येतो. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या माणसांवरचा अभ्यास आला होता. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्र 'ठीक आहे' दाखवतं, असं गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा घडलं होतं. आपली बाळं काही गोरीपान नसतात, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

परवान्याची गोष्टही बघा. अमेरिकेत आउलेट कंपनीचा मोजा सगळ्यांत गाजला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्यांना ताकीदपत्र पाठवलं, की नाडी आणि ऑक्सिजन मोजून इशारा देणारी वस्तू हे वैद्यकीय उपकरण आहे आणि त्याची परवानगी तुमच्याकडं नाही. कंपनीनं तो मोजा तिथं विकायचा थांबवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुढच्या मोज्याला परवानगी मिळाली, ती १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या बाळांसाठी त्याच कंपनीचा दुसरा मोजा आहे, तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणजे पेटीतून आलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ, ज्याच्या काळजीपोटी दीर हा मोजा घ्यायला निघालेत, नेमकं त्या बाळासाठी दुकानातला मोजा बनवलेलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: मोजा वाजला की पुढची दहा मिनिटं काय करायचं हे घरातल्या माणसांना आधी शिकवायला हवं. ते येत नसेल तर वाजणारं यंत्र घराला नुसतं घाबरवून सोडतं. तुमच्याकडं कुणी असं काही वापरलंय का? वापरून काय झालं?

अनगोळकर_बेंगळुरूत

ताई, तुमचा दीर मी नव्हे, पण त्याच्या जागी मी असू शकलो असतो. माझी बहीण कणकुंबीकडं दिलीय. तिथं पाऊस लागला की रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. इथं रात्री फोन वाजला की काळजात धस्स होतं.

यंत्र शंभरातल्या नव्वद वेळा उगाच वाजत असेल, मान्य. पण एकदा जरी खरं वाजलं आणि बाळ वाचलं, तर नव्वद वेळा उठण्याची किंमत काय मोठी? बाळंतीण दिवसभर दमलेली असते, झोप गाढ लागते. अशा वेळी कुणीतरी जागं असावं असं वाटणं चूक आहे का? मला या प्रश्नाचं सरळ उत्तर हवंय.

बालरोग_कॅम्प

प्रश्न सरळ आहे, उत्तरही तसंच द्यायचा प्रयत्न करतो. गेली बरीच वर्षं बेळगावात लहान मुलांचा डॉक्टर आहे.

तान्ही बाळं आपल्यासारखा एका लयीत श्वास घेत नाहीत. भराभर चार-सहा श्वास, मग पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. पहिल्या काही महिन्यांत हे अगदी नॉर्मल आहे. शेजारी झोपलेल्या आईच्या ते लक्षातही येत नाही, यंत्राच्या मात्र येतं. अमेरिकेत घरी मॉनिटर लावलेल्या १,०७९ बाळांचा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४४५ बाळांत एकदा तरी यंत्र वाजावं अशी घटना नोंदली गेली, आणि त्यांत पूर्ण दिवसांची, धडधाकट बाळंही भरपूर होती. अशा घटना सगळ्यांतच घडत असतील तर त्यावरून धोक्यातलं बाळ वेगळं काढणार कसं?

घरच्या मॉनिटरचा इतिहास पालकांना सांगायला हवा असं मला नेहमी वाटतं. १९७२ साली अमेरिकेत आल्फ्रेड स्टाइनश्नायडर नावाच्या डॉक्टरनं निबंध लिहिला, की झोपेत श्वास थांबणं हे बाळांच्या अचानक मृत्यूचं कारण आहे आणि ते घराण्यात चालतं. या निबंधानंतर घरोघरी मॉनिटर लावण्याचा धंदा उभा राहिला. त्याचा मुख्य आधार होता एका कुटुंबात एकामागून एक गेलेली पाच मुलं. १९९५ साली त्या पाचही मुलांच्या खुनाबद्दल त्यांच्या आईला न्यायालयानं दोषी ठरवलं. ज्या पायावर सगळं बांधलं तो पायाच खोटा निघाला, पण तोवर वीसेक वर्षं आईबाप घरी यंत्राच्या आवाजानं दचकून उठत होते.

त्या मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं ते बाळाला उताणं झोपवण्याच्या सल्ल्यानं. १९९४ साली तिथं देशभर मोहीम निघाली आणि पुढच्या दहा वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. अमेरिकन बालरोग अकादमी २०२२ च्या मार्गदर्शनातही हेच सांगते, की अचानक मृत्यू टाळण्यासाठी म्हणून घरी मॉनिटर वापरू नका. उताणं झोपवा, अंथरूण सपाट आणि घट्ट ठेवा, तोंडाजवळ उशी-दुपट्यांचा ढीग नको, घरात बिडी-सिगारेट नको.

दादा, तुमच्या 'एकदा जरी खरं वाजलं' याबद्दल. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ३० बाळांवर असे दोन घरगुती मॉनिटर हॉस्पिटलच्या यंत्राशेजारी लावून तपासले. एकानं ऑक्सिजन कमी झाल्याचं बऱ्याचदा पकडलं, पण दर वेळी नाही. दुसऱ्यानं एकदाही पकडलं नाही, वर नाडी मंद असल्याचं खोटंच दाखवलं. उगाच वाजणं हा एक त्रास. वाजायला हवं तेव्हा गप्प राहणं जास्त घातक, कारण आई बाळाकडं बघायचं सोडून पडद्याकडं बघते. बाळ सुस्त पडलंय, दूध ओढत नाही, पण 'ॲप हिरवं दाखवतंय' म्हणून सकाळपर्यंत थांबलेले पालक मी पाहिले आहेत.

निपाणीची_लेक

डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं पटतं, तरी माझी बाजू वेगळी आहे.

माझा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यात झाला. फुफ्फुसं कच्ची राहिली म्हणून घरी ऑक्सिजन देऊन सोडलं. तेव्हा हॉस्पिटलनं पायाला पट्टी लावायचा ऑक्सिमीटर घरी न्यायला सांगितलं. फोन नाही, ॲप नाही, साधं यंत्र. सोडण्याआधी नर्सबाईंनी मला, नवऱ्याला आणि आईला समोर बसवून शिकवलं. एक आकडा कागदावर लिहून दिला. त्याच्या खाली गेलं तर आधी पट्टी नीट आहे का बघ, मग बाळाचा रंग बघ, ओठ बघ, छाती बघ, नळी सुटलीय का बघ, मग फोन. तो कागद पाळण्याच्या वर भिंतीला चिकटवला होता.

त्या यंत्रानं मला आधार दिला, हे कुणी काहीही म्हटलं तरी मी सांगणारच. म्हणून सगळ्या यंत्रांना एका दावणीला बांधू नका. ज्या बाळाला गरज आहे, डॉक्टरनं सांगितलंय, शिकवलंय आणि कधी बंद करायचं तेही ठरवून दिलंय, तिथं ते औषधासारखंच.

बालरोग_कॅम्प

अगदी बरोबर. तुमच्या बाळाला यंत्र उपचाराचा भाग म्हणून दिलं होतं आणि तुम्हाला ते वापरायला शिकवलं होतं. माझा आक्षेप त्याला नाहीच.

हिंडलगा_काकी

आमच्या वेळी मोजा नव्हता की ॲप नव्हतं, तरी पोरं वाढली, असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी घरटी एखादं तरी जायचं, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. मला वेगळं विचारायचंय.

माझ्या सुनेला तिच्या मैत्रिणीनं गादीखालची पाटी दिलीय, हालचाल थांबली की वाजणारी. आमच्या घरी बाळ झोळीत झोपतं, साडीची झोळी, तुळईला बांधलेली. ती पाटी झोळीत घालायची तरी कशी? आणि दुसरं, बाळंतिणीच्या खोलीत संध्याकाळी शेगडी असते, शेक आणि धुरी. सुनेचं म्हणणं, यंत्र लावलंय, काही झालं तर कळेलच, तेव्हा शेगडी राहू दे. हे खरं का?

बालरोग_कॅम्प

काकी, फार मोलाचं विचारलंत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे.

दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आणि साधा ऑक्सिमीटर, मोज्यातला असो की बोटाचा, हा विषारी वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. बाळ आणि बाळंतीण दोघं गुदमरत असताना पडद्यावर ९८ दिसू शकतं. यंत्र लावलंय म्हणून शेगडी चालेल, हा समज जीवघेणा आहे. शेक द्यायचाच असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत न्या, शेगडी बाहेर पेटवून धूर जाऊ द्या, दार उघडं ठेवा. धुरी तर नकोच.

झोळीत ती पाटी निरुपयोगी. झोळी हलली की पाटीला वाटतं बाळ हललं. आणि अगदी लहान बाळाची झोळीत मान पुढं वाकून हनुवटी छातीला टेकते, श्वासनळी दबते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झोळी नकोच. दिवसा तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ मोठं बाळ झोळीत घालता, त्यावर मी भांडत बसत नाही, पण रात्री सपाट अंथरुणावर, आईच्या शेजारी, उताणं.

टिळकवाडी_तंत्र

मी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत आणि नेटवर्कच्या कामात आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

यातली बहुतेक यंत्रं आधी एका छोट्या डब्याशी बोलतात, डबा वायफायशी, वायफाय कंपनीच्या सर्व्हरशी आणि सर्व्हर तुमच्या फोनशी. काही यंत्रांचा डबा इंटरनेट नसतानाही वाजतो, काहींचा नाही. विकत घेण्याआधी हा एक प्रश्न विचाराच. खानापूर तालुक्यात जुलै-ऑगस्टात हेस्कॉमची लाइट कधी जाते आणि कधी येते हे मी सांगायला नको. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, कृष्णापूरसारख्या गावांत फोनला रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं. बेंगळुरूतल्या मामाच्या फोनवर 'संपर्क तुटला' असं आलं की तो तिकडं कासावीस, इकडं बाळ आईच्या कुशीत दूध पीत असतं. अनगोळकर, तुम्हाला टोचायला म्हणत नाही. तुमच्या बहिणीच्या गावाची रेंज डोळ्यांसमोर ठेवून म्हणतोय.

वायरकडं नीट लक्ष द्या. २०१३ साली अमेरिकेत एंजलकेअर कंपनीचे गादीखालच्या पाटीचे सुमारे ६ लाख संच परत मागवले गेले, कारण पाटीची वायर गळ्याभोवती अडकून दोन बाळं दगावली होती. बाळाचा हात पोचेल अशा अंतरात कुठलीच वायर नको. बटणासारखी बॅटरी असलेली वस्तू घरातल्या मोठ्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजून निघू शकते.

आणि कॅमेरा. डब्यावर छापलेला पासवर्ड तसाच ठेवला तर तुमची बाळंतिणीची खोली परका माणूस बघू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी असं म्हटलंय. पण ॲप उघडताना आपण न वाचताच 'मान्य' दाबतो. बाळाचं नाव, जन्मवेळ, वजन, आईच्या दुधाच्या वेळा, एवढं सगळं देण्याची गरज आहे का हे एकदा थांबून बघा.

चिकोडी_आशा

नमस्कार. मी आशा म्हणून काम करायलेय. एवढं लिहायची सवय नाही, पण हा विषय बघून राहवलं नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आम्ही घरी सहा वेळा जातो. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. वजन करतो, काखेत थर्मामीटर लावून ताप बघतो, एक मिनिट पुरा श्वास मोजतो, नाळ बघतो, दूध ओढतंय का बघतो. पुढं तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी जातो. ही पद्धत मूळची आपल्या गडचिरोलीची, डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या कामातनं आलेली. तिथं न शिकलेल्या बायकांना श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधन केलं होतं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

ते कुणाच्याही घरी येतं की ओ. बाळ शांत असताना, रडत नसताना, दूध पीत नसताना अंगडं वर करून पोट बघायचं आणि एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतोय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं साठ किंवा जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजा, पुन्हा साठच आलं तर दवाखाना गाठा. दोन महिन्यांपासनं वर्षापर्यंत पन्नास.

आणि मोजण्याची वाट न बघता नेण्यासारखं म्हणजे बाळ दूध ओढीना झालं, हलवल्याशिवाय हालेना, झटका आला, कण्हायला लागलं, छातीचा खालचा भाग आत ओढला जायला लागला, हातापायाचे तळवे पिवळे झाले, अंग तापलं नाहीतर गार पडलं. गार पडणं लोकांना धोक्याचं वाटतच नाही. 'ताप नाही ना, मग बरं आहे' म्हणतात. कमी वजनाच्या बाळाला गारठा तापाइतकाच वाईट.

बालरोग_कॅम्प

आशाताईंनी गारठ्याचं काढलं ते बरं झालं. अंगावर घालायच्या यंत्रांत मला खरोखर उपयोगी वाटलेलं एक आपल्याच राज्यातलं आहे. बेंगळुरूच्या बेम्पू संस्थेनं कमी वजनाच्या बाळांसाठी मनगटात घालायचं कडं बनवलंय. अंग पुरेसं गरम असेल तर निळा दिवा लुकलुकतो. ३६.५ अंशांखाली गेलं की नारिंगी दिवा लागतो आणि कडं वाजतं. फोन नको, वायफाय नको, चार्जिंग नको, बॅटरी साधारण चार आठवडे पुरते. आणि वाजलं की काय करायचं ते अक्षरओळख नसलेल्या आजीलाही जमतं: बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीला लावायचं, वरून पांघरूण घालायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. २०२१ साली भारतासह पाच देशांतला अभ्यास आला, त्यात फार कमी वजनाच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असं छातीला लावल्यानं मृत्यू पावभागानं कमी झाले.

अनगोळकर, तुमच्या पैशांना मी याहून चांगली वाट सुचवतो, धागाकर्तीच्या दिरांनाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ पेटीत ऑक्सिजनवर राहिलं असेल तर पहिल्या महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते आणि कुठलंच ॲप ते सांगणार नाही. कर्नाटकात किड्रॉप नावाचा कार्यक्रम २००८ पासून कॅमेरा घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत जातो, पडद्याचे फोटो लांबच्या तज्ज्ञाला पाठवतो. तंत्रज्ञान बाळाच्या कामी येतं ते असं. बहिणीला गाडीभाडं पाठवा, तपासणीच्या दिवशी सोबत कुणी जाईल असं बघा. कानांची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या.

फोनचे दोन उपयोग मात्र मी प्रत्येक आईला सांगतो. बाळाचं काही विचित्र वाटलं, हात झटकले, श्वास वेगळा आला, की व्हिडिओ काढा. दवाखान्यात येईस्तोवर बाळ शांत झालेलं असतं, पण व्हिडिओ बघून आम्हाला निम्मं निदान होतं. दुसरा, श्वासागणिक पडद्यावर बोट टेकवून गती काढणारी ॲप आहेत, मोजताना आकडा विसरणाऱ्यांना सोयीची. बाळ कावीळग्रस्त आहे का हे मात्र फोनच्या फोटोवरून ठरवू नका. पिवळ्या बल्बखाली सगळीच बाळं पिवळी दिसतात. शंका आली तर रक्त तपासा.

येळ्ळूर_गड

सगळे यंत्राबद्दल बोलताहेत. मी भाषेबद्दल बोलतो, आणि त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे.

माझ्या वहिनीला दिलेलं तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये. धोक्याच्या खुणा कार्डावर छापलेल्या आहेत, चित्रंही आहेत, पण चित्राखालचं वाचता येत नाही. ॲप इंग्रजीत. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. घरात बाळाला सांभाळणारी आजी फक्त मराठी वाचते. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे अल्पसंख्याकांच्या संरक्षणात लिहिलेलं आहे. आपण ते पाट्यांसाठी मागतो, उताऱ्यांसाठी मागतो. बाळाच्या कार्डासाठी का मागू नये? दवाखान्यातल्या कन्नड सिस्टर तोडक्या मराठीत समजावून सांगतात, माझ्या वहिनीला सांगितलंही, त्यांचे उपकारच आहेत. पण रात्री दोन वाजता सिस्टर घरी नसतात, कार्ड घरी असतं.

चिकोडी_आशा

खरं आहे. आम्ही तोंडानं मराठीत सांगतो, पण कागद हवाच. मी माझ्या भागात वहीच्या पानावर मराठीत लिहून देते.

जांबोटी_वाट (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

शेगडी आणि ९८ आकड्याचं वाचून मी तडक नणंदेला फोन केला. तिच्याकडंही संध्याकाळी शेक चालूच होता. आजपासून बाळ माजघरात. दिरांना हा धागा पाठवलाय. त्यांचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच विचारू, ते म्हणाले तर घेऊ, एवढ्यावर थांबलेत. डोळ्यांच्या तपासणीचं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण ती तारीख कुणाच्या लक्षात आली नव्हती. परवा जाणार आहेत, गाडी दिरांनीच ठरवून दिली.

येळ्ळूरकर, तुमच्या मुद्द्यावर काहीतरी करता येईल. चिकोडीच्या ताई वहीच्या पानावर जे लिहून देतात ते त्यांनी इथं टाकावं, डॉक्टरांनी तपासावं, मी मोठ्या अक्षरात चित्रांसकट एका पानात बसवते. आमच्या शाळेतल्या पालकसभेत वाटू. छपाईचा खर्च बाहेरगावच्या मंडळींनी उचलला तर गावोगावच्या अंगणवाड्यांतही देता येईल.

अनगोळकर_बेंगळुरूत

छपाईचं माझ्याकडं. पान तयार झालं की सांगा.

एक विचारतो. रात्री बाळ न्यायची वेळ आली तर १०८ येईस्तोवर थांबायचं की मिळेल त्या गाडीनं निघायचं? बहिणीला नेमकं काय सांगू?

चिकोडी_आशा

१०८ ला आधी फोन लावा, गाडी कुठं आहे आणि किती वेळ लागेल ते विचारा. लांब असेल तर गावातल्या गाडीनं निघा आणि वाटेत गाठ घालता येईल का ते त्यांनाच विचारा. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा, फोनमध्ये नको, फोन चार्ज नसतोय. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याला उपचार आणि नेणं-आणणं फुकट आहे, पैशासाठी अडून बसू नका.

नेताना बाळ आईच्या छातीला आतनं लावून वर शाल. टोपडं, पायमोजे घाला, साधे लोकरीचे. शुद्धीवर असेल आणि ओढत असेल तर वाटेत अंगावर पाजा. डिस्चार्जचा कागद तायी कार्डाच्याच पिशवीत ठेवा आणि पिशवी दाराजवळ खुंटीला. पान लिहून आज रात्री टाकते.